याशार दोऊच्या वाट्याला आलेली मिनिटं

कावाक, मे 1919

तुम्ही कच्च्या रस्त्याच्या कडेला उभे आहात. मागे उतारावर सामसुनचं बंदर आणि काळा समुद्र. पुढे डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे अनातोलियाचं मोठं पठार. समुद्रावरून येणाऱ्या पावसानं कुरणं हिरवीगार झाली आहेत. चिखलात बैलगाडीच्या चाकोऱ्या उमटल्या आहेत.

आज ना उद्या या रस्त्यानं एक मोटार जाईल. तीत मुस्तफा कमाल पाशा असतील. 19 मे रोजी ते सामसुनला उतरले, आता कावाकवरून हवझा गावाकडे निघाले आहेत. तुर्की लोक आपल्या स्वातंत्र्ययुद्धाची सुरुवात इथूनच मोजतात. तुम्ही मात्र त्यांच्यासाठी आलेला नाही. याच कावाक तालुक्यात सहा वर्षांचा एक मुलगा आहे, त्याच्यासाठी आला आहात.

त्याचं नाव याशार. जन्म 1913 चा, कार्ली गावातला. पहिल्या महायुद्धात त्याचे वडील गेले. आईनं त्याला तिच्या माहेरी, एमिरली गावात आणलं आणि तो तिथेच वाढतो आहे. त्याला अजून आडनाव नाही. तुर्कस्तानात आडनावाचा कायदा यायला 1934 साल उजाडेल. आज तो फक्त याशार आहे, बापाविना वाढणाऱ्या हजारो मुलांपैकी एक.

तुम्हाला फक्त पाहायची मुभा आहे. कुणाला सावध करायचं नाही, कुणाचा हात धरायचा नाही. पुढच्या बेचाळीस वर्षांत असे काही क्षण येतील, की ही अट तुम्हाला जाचेल.

एमिरली, 1928

आता तो पंधरा वर्षांचा आहे. कुठेतरी लग्न आहे, आणि या भागात लग्न म्हटलं की कुस्ती आलीच. दावुल म्हणजे मोठा ढोल घुमतो आहे, त्यावर झुर्ना सनईच्या चढ्या सुरात वाजते आहे. माणसं कुरणात गोल करून बसली आहेत. मधल्या मोकळ्या गवतावर दोन जोड उतरतात. अंगावर जाड कापडाची विजार, छाती उघडी, पाय अनवाणी.

ही काराकुजाक कुस्ती. तुर्की पैलवान म्हटलं की अंगभर तेल चोपडलेले मल्ल आपल्या डोळ्यांसमोर येतात. ती कुस्ती वेगळी. इथे तेल नाही. पकड कोरड्या अंगावर बसते, त्यामुळे निसटून जायची सोय नाही. ज्याच्या मनगटात जोर आणि कमरेत लवचिकता, त्याचंच इथे चालतं. जोड लागण्याआधी दोघं ढोलाच्या ठेक्यावर हात हलवत फिरतात, वाकून जमिनीला हात लावतात, मांडीवर थाप मारतात. या सलामीला पेशरेव म्हणतात. ती थाप ऐकून तुम्ही चमकता, कारण तसाच आवाज तुम्ही सातारा-कोल्हापूरच्या फडात शड्डू ठोकताना ऐकला आहे.

याशार आता गवतावर उतरू लागला आहे. त्याच्याकडे वस्ताद नाही, तालीम नाही, वजनाचा काटा नाही. शेतातलं काम हाच व्यायाम आणि घरात शिजेल तोच खुराक. पण त्याच्या खेळात एक गोष्ट तुम्हाला लगेच दिसते. तो खडाखडीत वेळ घालवत नाही. पकड मिळाली की लगेच आत शिरतो आणि समोरच्याची पाठ टेकेपर्यंत सोडत नाही. ही घाई त्याच्या अंगात कायमची मुरणार आहे.

त्याच वर्षी, नोव्हेंबरात, तुर्कस्तानची लिपी बदलते. अरबी अक्षरं जाऊन लॅटिन अक्षरं येतात. दुकानांच्या पाट्या नव्यानं रंगतात. एक देश स्वतःला मुळापासून नव्यानं लिहून काढतो आहे. त्या नव्या देशाला जगापुढे उभं राहण्यासाठी लवकरच मल्लांची गरज भासणार आहे.

अंकारा, 1936 ते ऑस्लो, 1939

राजधानी होऊन अंकाराला थोडीच वर्षं झाली आहेत. रस्ते रुंद आहेत, झाडं अजून लहान. याशार इथे लष्करी सेवेसाठी आला आहे. आडनाव मिळालं आहे: दोऊ. ऑगस्टमध्ये बर्लिन ऑलिंपिकची बातमी येते. याशार एर्कान नावाच्या तुर्की मल्लानं ग्रीको-रोमन कुस्तीत सुवर्ण जिंकलं आहे. तुर्कस्तानचं हे पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. नव्या देशाला आपली जागा कुठे आहे ते कळलं आहे, आणि ती जागा कुस्तीच्या मॅटवर आहे.

अंकाराच्या कुस्ती क्लबमध्ये तुम्ही दाराशी उभे राहता. गवतावरचा मुलगा पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवतो. इथे सगळंच वेगळं. लढतीला घड्याळ आहे, गुण आहेत, पंच आहेत, वजनगट आहेत. आणि ग्रीको-रोमन प्रकारात तर कमरेखाली हात लावायला बंदी. ज्याचं सगळं शिक्षण पायाच्या पकडीवर झालं, त्याला अर्धं शरीर विसरायला सांगितलं आहे. मातीतून गादीवर आलेल्या आपल्याकडच्या कोणत्याही मल्लाला विचारा. ताकद तीच असते, पण पायाखालची जमीन बदलली की वेळेचा अंदाज चुकतो.

तीन वर्षांत तो राष्ट्रीय संघात पोहोचतो. एप्रिल 1939. ऑस्लो, युरोपीय अजिंक्यपद, ग्रीको-रोमन, 66 किलो. तुम्ही प्रेक्षकांत आहात. तो दुसरा येतो. रौप्य.

ऑस्लोच्या या दिवसात थोडा वेळ थांबा. या माणसाला राष्ट्रीय पोशाखात हरताना तुम्ही पुन्हा कधीही पाहणार नाही. त्याच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीतली एकमेव हार इथेच होते, तीही त्या प्रकारात ज्यात त्याचे अर्धे डाव बाहेर ठेवावे लागत होते. वय सव्वीसच्या आसपास. मल्लाची खरी वर्षं आता सुरू होतात. पुढच्या वर्षी ऑलिंपिक आहे.

हेलसिंकी, 1940. लंडन, 1944.

या दोन ठिकाणी तुम्ही जाता, पण पाहायला काहीच नाही.

1940 चं ऑलिंपिक आधी टोकियोला होतं, मग हेलसिंकीला दिलं गेलं, मग रद्द झालं. 1944 चं लंडनला ठरलं होतं. त्या उन्हाळ्यात लंडनवर उडते बॉम्ब पडत होते. तुम्ही दोन्ही शहरांत उभे राहता. मॅट अंथरलेली नाही, वजनाचा काटा मांडलेला नाही, ध्वजस्तंभ रिकामे.

तुर्कस्तान युद्धाबाहेर आहे. फेब्रुवारी 1945 पर्यंत तो कुणाच्याही बाजूनं उतरत नाही. पण युद्धाबाहेर राहायलाही मोठं सैन्य उभं ठेवावं लागतं, आणि त्या सैन्याला धान्य लागतं. 1942 मध्ये मोठ्या शहरांत पाव रेशनकार्डावर मिळू लागतो. पैलवान या काळात काय खात असेल, हा प्रश्न तुम्हाला पडतो. मल्लाचं शरीर म्हणजे रोजची भाकरी, रोजचं दूध, रोजची मेहनत. त्यातलं एक जरी तुटलं तरी घडलेलं शरीर ढासळायला लागतं.

सव्वीस ते तेहतीस. कोणत्याही मल्लाची ही सोन्याची वर्षं. 1940 मध्ये इस्तंबूलला बाल्कन अजिंक्यपद झालं, ते त्यानं जिंकलं. बाकीचा बराचसा काळ सरावात गेला. पदकांच्या यादीत या वर्षांपुढे कोरी जागा दिसते, म्हणून यादी वाचणारा माणूस ती ओलांडून पुढे जातो. तुम्ही ओलांडू नका. तालमीत जाऊन बसा. स्पर्धा कधी होणार हे माहीत नसताना, होणार की नाही हेही माहीत नसताना, एक माणूस रोज अंगाला घाम आणतो आहे. पुढे जे घडणार आहे त्याची किंमत इथे चुकती होते आहे.

स्टॉकहोम, 1946. प्राग, 1947.

युद्ध संपतं. 1946 च्या शरद ऋतूत स्टॉकहोमला युरोपीय अजिंक्यपद होतं. प्रकार फ्रीस्टाइल. आता कमरेखालीही पकड घेता येते, पाय ओढता येतात. गवतावर शिकलेलं सगळं त्याला परत वापरता येतं. वजनगट 73 किलो. तेहतिसाव्या वर्षी तो युरोपचा विजेता होतो.

दुसऱ्या वर्षी प्राग. तुम्हाला वाटतं, तो पुन्हा फ्रीस्टाइलमध्येच उतरेल. पण ही स्पर्धा ग्रीको-रोमनची आहे, ज्या प्रकारात ऑस्लोला तो हरला होता. आठ वर्षांनी तो त्याच नियमांत परत येतो आणि 73 किलोचं सुवर्ण घेऊन जातो.

मल्लांच्या जगात हे किती अवघड आहे ते समजून घ्या. फ्रीस्टाइलमध्ये उभं राहायची पद्धत वाकलेली, हात खाली, नजर समोरच्याच्या पायांवर. ग्रीको-रोमनमध्ये छाती पुढे, कंबर सरळ, सगळी लढाई खांद्यांची आणि कमरेच्या वर घेतलेल्या मिठीची. एका प्रकारात मुरलेली सवय दुसऱ्यात घात करते. दोन्हींत युरोप जिंकणारा माणूस हा दोन वेगळ्या शरीरांचा मालक असतो. आणि हे त्यानं तिशीच्या पुढे करून दाखवलं.

लंडन, जुलै 1948

अर्ल्स कोर्टमधलं एम्प्रेस हॉल. बाहेर लंडनमध्ये अजून बॉम्बनं पाडलेल्या इमारतींच्या जागा मोकळ्या आहेत. खाणं रेशनवर. बारा वर्षांनंतर होणाऱ्या या ऑलिंपिकसाठी नवं क्रीडाग्राम बांधायला पैसा नाही. खेळाडू लष्करी छावण्यांत आणि महाविद्यालयांच्या वसतिगृहांत राहतात, टॉवेल आपापले आणतात. ब्रिटिश खेळाडूंना गोदीत ओझी उचलणाऱ्या कामगारांइतकं वाढीव रेशन मंजूर झालं आहे.

तुम्ही आत येता. मॅटभोवती गर्दी, सिगारेटचा धूर, पंचांच्या शिट्ट्या. नियम असा: लढत पंधरा मिनिटांची. कुणी चीत झाला तर तिथेच संपली, नाहीतर तीन पंच निकाल देतात. प्रत्येक मल्लाच्या नावापुढे उणे गुण लिहिले जातात. चीत करून जिंकलात तर शून्य, पंचांच्या निकालानं जिंकलात तर एक, हरलात तर दोन किंवा तीन. पाच झाले की बाहेर. म्हणजे जिंकूनही गुण चढतो. सुटायचं असेल तर समोरच्याची पाठ टेकवायलाच हवी. एमिरलीच्या कुरणात लागलेली ती घाई आठवा. हा नियम जणू त्याच माणसासाठी लिहिला आहे.

याच हॉलमध्ये 52 किलो गटात साताऱ्याच्या गोळेश्वरचा एक तरुण लढतो आहे. खाशाबा दादासाहेब जाधव. मॅटची सवय नाही, आयुष्य मातीत गेलेलं. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते इथवर आले आहेत. ते सहावे येतात. त्यांच्याच गटात तुर्कस्तानच्या हालित बालामिरला रौप्य मिळतं. दोन मल्ल, दोघंही मातीतले, गवतातले. पण एकामागे राष्ट्रीय तालीम आणि परदेश दौरे उभे आहेत, आणि दुसऱ्यामागे थोडी मदत आणि स्वतःची हिंमत. त्या दोन क्रमांकांच्या अंतरात हाच फरक आहे.

आता 73 किलो. याशार दोऊ पस्तीस वर्षांचा आहे. त्याच्यासमोर ऑस्ट्रेलियाचा डिक गॅरार्ड आहे, जो त्याच्याहूनही थोडा मोठा आणि 1934 व 1938 च्या एम्पायर गेम्सचा विजेता आहे. याशारसारखीच युद्धानं गॅरार्डचीही ऑलिंपिकं खाल्ली आहेत. अमेरिकेचा लिलंड मेरिलही आहे. तुम्ही लढतींमागून लढती पाहता. रुंद छातीचा हा माणूस मॅटच्या मध्यावर येतो आणि जागा सोडत नाही. समोरचा फिरतो, तो फिरत नाही. पकड लागली की अंतर संपतं. शेवटी गॅरार्डला रौप्य, मेरिलला कांस्य, आणि सुवर्ण याशार दोऊला.

त्याचं पहिलं ऑलिंपिक. तुम्हाला ठाऊक आहे की हेच त्याचं शेवटचंही आहे. त्याला नाही.

फ्रीस्टाइलच्या आठ वजनगटांत तुर्कस्तान चार सुवर्णं घेतं: नासुह आकार, गझानफेर बिल्गे, जेलाल आतिक आणि याशार दोऊ. त्यानंतर ग्रीको-रोमनमध्ये मेहमेत ओकताव आणि आहमेत किरेच्ची आणखी दोन. तुर्कस्तानची या ऑलिंपिकमधली सहाही सुवर्णं कुस्तीची. एकूण बारा पदकांतली अकरा कुस्तीची. बारावं तिहेरी उडीचं.

इस्तंबूल, 1949. हेलसिंकी, 1951.

देश आनंदानं वेडा झाला आहे. लंडनच्या विजेत्यांना बक्षिसं मिळतात. याशार दोऊला घर मिळतं. बापाविना आईच्या माहेरी वाढलेल्या माणसाला वयाच्या पस्तिशीत स्वतःचं छप्पर. तुम्ही दाराबाहेर उभे आहात. आत जाऊन सांगावंसं वाटतं, की हे घर घेऊ नका. पण तुम्हाला ती मुभा नाही, आणि असती तरी असं सांगण्याचा अधिकार कुणाला आहे?

जून 1949. इस्तंबूलमध्ये नवं क्रीडा आणि प्रदर्शन भवन नुकतंच उभं राहिलं आहे. युरोपीय कुस्ती अजिंक्यपदानं त्याचं दार उघडतं. घरच्या प्रेक्षकांसमोर याशार दोऊ 79 किलो गटात उतरतो आणि जिंकतो.

एप्रिल 1951, हेलसिंकी. फ्रीस्टाइलचं हे पहिलंच जागतिक अजिंक्यपद. तुर्कस्तान आठपैकी सहा वजनगट जिंकतं. 87 किलोचा विजेता अडतीस वर्षांचा याशार दोऊ आहे. ऑस्लोला 66, स्टॉकहोम, प्राग आणि लंडनला 73, इस्तंबूलला 79, इथे 87. बारा वर्षांत एकवीस किलोची चढण. वजन वाढवणं सोपं असतं, वाढलेल्या वजनाच्या मल्लांना पाडणं नाही. प्रत्येक पायरीवर समोर उभा राहणारा माणूस जन्मतःच त्याच्याहून मोठ्या हाडाचा असतो. आणि प्रत्येक पायरीवर याशार दोऊच्या वयात आणखी वर्षं मिळवली गेलेली असतात.

इथे त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपते. तुर्की कुस्तीत तिचा हिशेब असा सांगितला जातो: देशासाठी 47 लढती, 46 विजय, त्यांतले 33 चीत करून. जिंकलेल्या सगळ्या लढती पूर्ण वेळ चालल्या असत्या तर 690 मिनिटं लागली असती. त्या संपल्या 372 मिनिटं 26 सेकंदांत. म्हणजे तो सगळा पराक्रम सव्वासहा तासांहून कमी वेळात मावतो. सकाळी बसलात तर संध्याकाळपर्यंत तुम्ही त्याची प्रत्येक लढत पाहून उठाल. बाकीचा सगळा काळ, गवतावरची ती वर्षं, लष्करातली, युद्धातली, ती या सव्वासहा तासांच्या तयारीत गेली.

हेलसिंकी, जुलै 1952

तुम्ही त्याच शहरात आहात. मेसुहाल्ली या प्रदर्शन सभागृहात ऑलिंपिक कुस्ती चालू आहे. 87 किलोच्या यादीत तुम्ही त्याचं नाव शोधता. जगज्जेता एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि यादीत नाही.

त्या काळी ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंचं होतं. खेळातून मिळालेला कोणताही आर्थिक लाभ म्हणजे व्यावसायिकता, आणि व्यावसायिकाला दार बंद. याच नियमानं 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकचा नायक जिम थॉर्प याची पदकं काढून घेतली होती, कारण त्यानं काही डॉलरांसाठी बेसबॉल खेळला होता. लंडननंतर मिळालेलं घर याशार दोऊच्या आड आलं. 87 किलोचं सुवर्ण स्वीडनचा विकिंग पाल्म घेतो, रौप्य अमेरिकेचा हेन्री विटेनबर्ग. कांस्य तुर्कस्तानच्याच आदिल आतानला मिळतं.

त्याच सभागृहात 57 किलो गटात खाशाबा जाधव पुन्हा उतरले आहेत. या वेळी त्यांच्या प्रवासामागे एका घराची गोष्ट आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावांनी, ओळखीच्यांनी हात लावला. आणि खाशाबा कांस्यपदक जिंकतात. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

हेलसिंकीच्या या सभागृहात तुम्ही मध्यभागी उभे राहा आणि दोन्ही घरं एकत्र पाहा. एका मल्लाला देशानं घर दिलं, म्हणून तो इथे नाही. दुसऱ्या मल्लासाठी एका शिक्षकानं घर गहाण टाकलं, म्हणून तो इथे आहे. हौशीपणाचा नियम या दोघांनाही सारखाच निष्ठुर होता. ज्याच्याकडे वडिलोपार्जित जमीन आहे, ज्याला पोटासाठी काम करावं लागत नाही, ज्याचा खुराक आपोआप ताटात येतो, त्याच्यासाठी तो नियम लिहिला होता. त्याची कल्पना अशी होती, की खेळ हे फावल्या वेळातलं काम. पण कुस्तीला फावला वेळ पुरत नाही. जो मल्ल पहाटे उठून मेहनत करतो आणि दिवसा शेतात राबतो, त्याला ताट भरून मिळालं तर तो खेळाचा धंदा करत नाही. तो फक्त खेळात टिकून राहतो.

तुर्कस्तानला त्या वर्षी दोन सुवर्णं मिळतात, हसन गेमिजी आणि बायराम शित यांची. चार वर्षांपूर्वी सहा होती. युद्धानं त्याची दोन ऑलिंपिकं घेतली, एका घरानं तिसरं. उरलं फक्त लंडन.

रोम, 1960. अंकारा, 1961.

तो मॅटवरून उतरला, पण कुस्तीतून नाही. प्रशिक्षक म्हणून तो मल्ल घडवू लागला. 1955 मध्ये तो संघाबरोबर स्वीडनला असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. ज्या छातीनं गॅरार्डला अडवलं होतं, तीच आता त्याला थांबायला सांगत होती. तुम्ही त्याला त्यानंतर तालमीच्या कडेला पाहता. मल्ल मॅटवर असतात आणि तो बाहेरून नजर ठेवतो. शिकवणाऱ्याची ही जागा मल्लाला सहजी मानवत नाही. डाव दिसतो, हात शिवशिवतात, आणि उतरायचं नसतं.

आता रोमला जा. सप्टेंबरची सुरुवात होते आहे. बॅसिलिका ऑफ मॅक्सेन्शियस, सोळाशे वर्षांपूर्वीच्या भग्न कमानी, आणि त्यांच्या खाली अंथरलेल्या मॅट. वरती आकाश. इथे तुर्कस्तान सात सुवर्णं जिंकतं, आणि सातही कुस्तीची. फ्रीस्टाइलमध्ये आहमेत बिलेक, मुस्तफा दाउस्तानली, हसन ग्युंगोर, इस्मेत आतली. ग्रीको-रोमनमध्ये म्युझाहिर सिल्ले, मितहात बायराक, तेवफिक कश. लंडनच्या सहांहून एक जास्त. दाउस्तानली तर सामसुन प्रांतातलाच, चारशांबा भागातला. मेलबर्नच्या 1956 नंतर हे त्याचं सलग दुसरं ऑलिंपिक सुवर्ण.

गवतावरून मॅटवर यायला याशार दोऊला जी अंधारातली वाट चालावी लागली, ती या पोरांसाठी आता मळलेली होती. 1948 च्या पिढीनं दाखवून दिलं होतं, की काळ्या समुद्राकडच्या खेड्यातला मुलगा जगात पहिला येऊ शकतो. ते एकदा दिसल्यावर पुढच्या पोराला स्वतःवर विश्वास ठेवायला पुरावा लागत नाही.

रोमनंतर चार महिन्यांनी, 8 जानेवारी 1961 रोजी अंकाऱ्यात त्याला पुन्हा झटका येतो. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. जेबेजी दफनभूमीत त्याला मूठमाती दिली जाते. तुम्ही गर्दीत उभे असता, आणि वयाचा तो आकडा तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतो. अजून पंचवीस वर्षं तो मुलं घडवू शकला असता.

आज

तुम्ही आपल्या काळात परत येता. सामसुनच्या विद्यापीठातल्या क्रीडाशास्त्र शाखेला त्याचं नाव आहे. तुर्कस्तानात दरवर्षी त्याच्या नावानं आंतरराष्ट्रीय कुस्ती स्पर्धा भरते आणि तिथे भारतीय मल्लही उतरतात. 2019 मध्ये इस्तंबूलला झालेल्या याच स्पर्धेत विनेश फोगाटनं सुवर्ण जिंकलं. पदक गळ्यात असलेल्या त्या मुलीला सरकारनं नोकरी दिली, रोख बक्षीस दिलं, तरी त्यासाठी कुणी तिला ऑलिंपिकचं दार बंद केलं नाही. 1970 च्या दशकापासून हौशीपणाचा तो नियम सैल होत गेला आणि पुढे मोडीत निघाला.

तो मोडला, पण ज्यांची वर्षं त्याखाली चिरडली त्यांच्यासाठी फार उशिरा. जिम थॉर्पला त्याची पदकं मरणानंतर परत मिळाली. याशार दोऊला 1952 चं साल कुणी परत देऊ शकत नाही, आणि खाशाबांनाही ते दिवस कुणी परत देऊ शकत नाही, जेव्हा कुस्तीत भारताचा मान वाढवणाऱ्या माणसाला तिकिटासाठी दारोदार फिरावं लागलं.

म्हणून यापुढे गावात कुणी पोरगं महाराष्ट्र केसरीच्या गदेपर्यंत पोहोचलं, कुणी ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर गेलं, आणि लोकांनी वर्गणी काढून त्याला म्हैस दिली, जागा दिली, खुराकाचा खर्च उचलला, तर ते उपकार समजू नका. ती त्या सगळ्या वर्षांची परतफेड आहे, जी आपण मल्लांकडून फुकट घेत आलो. आणि पोरगं पदक न आणता परतलं तरी ती परतफेड थांबवायची नाही. मॅटवरच्या सव्वासहा तासांमागे तेवीस वर्षांची मेहनत होती; हरलेल्या पोरामागेही तितकीच असते.